जास्तीची माणसं

आजोबा लालबागच्या एका कापड गिरणीत, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात बदली कामगार होते. कायम कामगाराने दांडी मारली तरच बदलीला काम. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी गेटवर हजर व्हायचं. जागा असली तर आत, नसली तर कार्डावर शिक्का घेऊन घरी. पूर्वी कोणाला घ्यायचं हे जॉबर, म्हणजे मुकादम ठरवी आणि त्याचा हात ओला करावा लागे. त्याला आळा बसावा म्हणून गिरणीमालकांनी १९३५ साली बदली कार्डं काढली. आजी मात्र सांगायची, कार्ड आलं तरी गावाहून आणलेला कोंबडा जॉबरकडेच जायचा! १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, त्यात बदल्यांना कायम करा ही मागणीही होती. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यातली कित्येक पुन्हा आत गेलीच नाहीत, आजोबाही नाहीत.

बाबा पिंपरीला टेम्पररी लागले. ऑर्डर आली की कारखाना माणसं घेई आणि सात महिने झाले की ब्रेक देई. वर्षात २४० दिवस भरले तर कायदा सलग नोकरी धरतो, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. ब्रेक लागला की आई किराण्याची यादी निम्मी करायची. बाबांच्या चहातली साखर तेवढी कमी होत नसे.

मी हिंजवडीत एचआरमध्ये, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. २०२१ साली नुसती झुंबड होती. प्रोजेक्ट हातात यायच्या आधीच माणसं घ्या, असा वरून धोशा. पोरं तीन-तीन ऑफर लेटरं खिशात घेऊन फिरत. मग कामं आटली आणि जॉइनिंगच्या तारखा पुढे जाऊ लागल्या. परभणीचा एक मुलगा दर सोमवारी फोन करायचा, "मॅडम, डेट आली का?" घरच्यांनी गावभर पेढे वाटले होते. आजोबांना निदान सकाळी सातला कळायचं, आज काम आहे की नाही.

धंद्यात चढउतार असणारच, ते मलाही कळतं. पण अंदाज चुकतो वरच्यांचा आणि भुर्दंड बसतो शेवटी आलेल्याला, हे तीन पिढ्या पाहतेय. म्हणून भरती करणाऱ्यांना एक विनंती: पगाराची तजवीज झाल्याशिवाय ऑफर लेटर पाठवू नका. तारीख लांबणार असेल तर तसं लेखी कळवा, म्हणजे उमेदवाराला दुसरी नोकरी तरी बघता येईल.