ऑईलचा दिवा आणि वर्णनात्मक नोंदी



आज पाठ नाही, कृती नाही, स्वाध्यायपत्रिकाही नाही. आज माझ्या जुन्या गाडीबद्दल लिहिते आहे. "मॅडम, हे काय मध्येच?" असं वाटेल, पण वर्गाकडे येतेच आहे, थोडा धीर धरा.

मी कराडला राहते. शाळा पाटण तालुक्यात डोंगरावरच्या एका वाडीत, द्विशिक्षकी. एसटी फाट्यापर्यंत येते, तिथून वर साडेचार किलोमीटर नुसता चढ. सात वर्षं हे स्कूटीवर केलं. मागच्या पावसाळ्यात शेवटच्या वळणावर घसरले, मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं आणि घरात ठरलं की जुनी का होईना, चारचाकी घ्यायची. एक लाख चाळीस हजारांत २०११ सालची छोटी पेट्रोल गाडी मिळाली. मीटरवर ७८ हजार किलोमीटर. त्यातले ऐंशी हजार पतसंस्थेचे, पगारातून हप्ता. आमचे सर पाटणहून बसतात, पेट्रोल निम्मं-निम्मं. वाडीतल्या कुणाला तापबीप आला तर खाली दवाखान्यात न्यायलाही हीच गाडी.

तिसऱ्या आठवड्यात डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला. तेलाची झारी आणि तिच्या तोटीतून पडणारा थेंब, असं चित्र. आमच्या पोरांनी त्याला "अल्लाउद्दीनचा दिवा" नाव ठेवलं आहे. डोळा मिटून उघडेपर्यंत विझलाही. सर म्हणाले, "भास झाला असेल." दोन दिवसांनी सरांनाही भास झाला.

आधी हा दिवा म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही माहीत नव्हतं. मला वाटायचं ऑईल कमी झालं की तो लागतो. तसं नाही. तो इंजिनातल्या ऑईलच्या दाबाचा दिवा आहे. इंजिनात खाली चेंबरमध्ये ऑईल असतं. पंप ते जाळीतून ओढून घेतो आणि फिल्टरमधून वर बेअरिंगांपर्यंत ढकलतो. हा दाब गेला तर लोखंडावर लोखंड घासतं आणि थोड्या वेळात इंजिन जाम होऊ शकतं. ऑईल फारच कमी झालं की पंप हवा ओढतो आणि दिवा लागतो, म्हणजे तेही एक कारण आहेच, पण एकमेव नाही. म्हणूनच हा दिवा लागून राहिला तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, काही मिनिटं थांबून सपाट जागेवर पट्टी काढून ऑईल बघायचं. पातळी बरोबर दिसली तरी "बघू पुढे" म्हणत गाडी दामटायची नाही. मी सुरुवातीला हेच केलं होतं, फाट्यापासून शाळेपर्यंत. शाळेत माझी ९ वाजून ५० मिनिटांची सही वेळेत झाली, पण ते शहाणपण नव्हतं.

पट्टीवर ऑईल दोन खुणांच्या मध्ये, अगदी हवं तिथं होतं. मग पहिल्या गॅरेजला गेले. तिथं दिवा लागेना! (दाखवायला नेलं की पोराचा खोकला थांबतो, तसंच.) मेकॅनिकने न बघताच सांगितलं, "सेन्सर गेलाय मॅडम, जुन्या गाडीत होतं." सेन्सर बदलला, साडेचारशे रुपये. चार दिवस दिवा लागला नाही. मी खूश, घरी सगळ्यांना सांगून मोकळी. पाचव्या दिवशी परत.

इथं मला पहिल्यांदा कळलं की जी गोष्ट आठवड्यातून दोनदाच होते, ती चार दिवस झाली नाही म्हणजे बरी झाली असं नसतं. आपण वर्गात हे किती वेळा करतो! जादा तास घेतला, दुसऱ्या दिवशी पोराने दोन गणितं बरोबर सोडवली, की लगेच त्याचा स्तर वाढवून टाकतो.

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की घट्ट ऑईल टाका, दिवा परत दिसणार नाही. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलं होतं आणि हा २०डब्ल्यू-५० टाका म्हणत होता. तिसऱ्याने तर कहर केला: "मॅडम, त्रास होतोय ना? वायर काढून टाकू, दिवाच लागणार नाही." मी नको म्हणून आले, पण खरं सांगते, घाटात उतरताना एकदा मनात आलं होतं की काढून टाकायला काय हरकत होती.

मग मी नोंदी ठेवायला सुरुवात केली. आता तुम्ही हसणार, कारण वर्णनात्मक नोंदी म्हटलं की आपल्याला काय आठवतं ते आपल्याला माहीत आहे. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, नोंदवह्या आल्या, आणि सत्र संपताना एका बैठकीत पीडीएफमधून "आत्मविश्वासाने बोलतो", "उपक्रमात सहभागी होतो" हे उतरवून काढायची कलाही आली. मीही उतरवल्या आहेत. बारा वर्षांच्या नोकरीत मी खऱ्या, जेव्हाच्या तेव्हा, बघून लिहिलेल्या नोंदी पहिल्यांदा ठेवल्या त्या गाडीच्या!

शंभर पानी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. लिहिणारे सर, बघणारी मी. दिवा लागला की तारीख, जागा, इंजिन गार की गरम, गाडी थांबलेली की चालू, चढ की उतार, वळण कुठल्या बाजूला, आणि दिवा लुकलुकला की लागून राहिला. लागून राहिला तर लगेच इंजिन बंद, हा नियम. रोज सकाळी निघताना पट्टी बघायची, पातळी लिहायची. तीन आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या.

याच दरम्यान मी हा दिवा चौथीच्या वर्गात नेला. टॉर्चचा बल्ब, सेल, दोन वायरी आणि स्विच म्हणून पत्र्याची लवचीक पट्टी. आमच्या गाडीसारख्या साध्या गाड्यांत सेन्सर म्हणजे एक स्विचच असतो. दाब नसतो तेव्हा तो जोडलेला, म्हणून चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की ऑईलचा दाब त्या स्विचला ढकलून तोडतो आणि दिवा विझतो. पोरांना "दाब आला की दिवा जातो" हे उलटं वाटलं. मी पत्र्याच्या पट्टीला पेन्सिलीने ढकललं, दिवा गेला, मग पटलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, मग मधली वायरच तुटली तर?" जोडून बघितलं. वायर तुटली तर दिवा लागतच नाही, कधीच. "आणि वायर सोलून पत्र्याला चिकटली तर?" दाब असो-नसो, दिवा लागतो.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आणि सर वही घेऊन बसलो. सतरापैकी अकरा नोंदी सारख्या निघाल्या: गतिरोधक किंवा खड्डा, क्षणभर लुकलुक, इंजिन गार असो की गरम. त्यातली एक तर सकाळी कराडमध्येच, घरापासून दोनशे मीटरवर. गार ऑईल घट्ट असतं, तेव्हा दाब भरपूर असतो. त्या वेळी दिवा लागतोय म्हणजे दोष दाबाचा नसावा, वायरचा असावा.

वही घेऊन पाटणला एका मिस्त्रींकडे गेले. त्यांची मुलगी पूर्वी माझ्या वर्गात होती. त्यांनी वही दोनदा वाचली, हसले नाहीत. "बाई, असं लिहून कुणी आणत नाही." इंजिन चालू ठेवून त्यांनी सेन्सरची वायर सोडवली आणि ती हलवत हलवत मागे गेले. ब्रॅकेटपाशी दिवा लुकलुकला. तिथं वायरचं कव्हर घासून तांबं उघडं पडलं होतं आणि धक्का बसला की ते लोखंडाला लागत होतं. नवी वायर, वरून स्लीव्ह, दीडशे रुपये.

मी पेढे न्यायचीच बाकी होते. मिस्त्री मात्र वही परत देईनात. "बाई, अकरा झाल्या. ह्या सहांचं काय?"

उरलेल्या सहा नोंदी वेगळ्या होत्या. सगळ्या सकाळच्या, सगळ्या शाळेच्या अंगणात पोचल्यावर. साडेचार किलोमीटर दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढून गाडी थांबली की दिवा लुकलुकत नव्हता, मंद लागून राहत होता. इंजिन बंद करून संध्याकाळी निघताना काहीच नाही. कारण सापडल्याच्या आनंदात मी त्या सहाही वायरच्याच नावावर लावल्या होत्या. माझ्याच वहीत, माझ्याच समोर होत्या.

"वायर बघून झाली. आता दाब मोजू," मिस्त्री म्हणाले. सेन्सर काढून त्या जागी काट्याचा गेज लावला. गार इंजिनाला तीन किलोच्या वर दाब होता (गॅरेजमध्ये दाब किलोत सांगतात). मग गाडी घाटात नेऊन तापवून आणली. आयडलिंगला काटा जेमतेम अर्ध्या किलोवर. रेस धरून ठेवली की वर जायचा आणि लटपटत परत खाली यायचा. पंपाला ऑईल पुरत नाही असं त्यांचं मत पडलं. चेंबर खोललं. तळाला काळा, डांबरासारखा गाळ आणि पंपाची जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. आधीच्या मालकाने ऑईल वेळेवर बदललं नव्हतं. चढावर इंजिन जोरात फिरलं की गाळ जाळीला चिकटायचा. बंद केलं की काही वेळाने सुटून खाली बसायचा. म्हणून संध्याकाळी गाडी निर्दोष. घट्ट ऑईल टाकलं असतं तर दाब वाढलेला दिसून दिवा गेला असता आणि जाळी बुजत राहिली असती. वायर काढली असती तर काय झालं असतं ते लिहायची गरज नाही.

जाळी, चेंबर धुणं, नवं गॅस्केट, फिल्टर, पुस्तिकेतल्या नंबरचं ऑईल, मजुरी धरून तीन हजार दोनशे. नंतर तापलेल्या इंजिनाला आयडलिंगला सव्वा किलो आणि रेसला काटा स्थिर. गाळ पूर्ण निघाला याची खात्री नाही म्हणून पुढचं ऑईल तीन हजार किलोमीटरलाच बदलायला सांगितलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. तिसरीत त्याच्या नोंदीत मी लिहिलं होतं, "लक्ष देत नाही." फळ्यावरचं उतरवताना चुका, कधी बरोबर कधी चूक. आरोग्य तपासणीच्या पथकाने त्याच्या डोळ्यांत दोष सांगितला, चष्मा मिळाला, उतरवणं सुधारलं. मी ही गोष्ट केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगून टाळ्याही घेतल्या. त्यानंतरही त्याची शाब्दिक उदाहरणं चुकत होती, पण चष्मा न लावण्याचा कंटाळा, असं म्हणून मी पुढे गेले होते.

मिस्त्रींनी "ह्या सहांचं काय" विचारलं त्या रात्री मला तो आठवला. त्याच्या वह्या घरी आणल्या आणि चुकलेली उदाहरणं तेवढी वेगळी काढली. आकड्यांची बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर. "मिळून" असलेली उदाहरणं बरोबर. "शिल्लक" आणि "प्रत्येकी" असलेली चूक. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारी बसवून वाचायला दिलं. "शिल्लक" शब्दापाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि अंदाजाने "शाळा" म्हणाला. दुसरीत अर्धं वर्ष तो वडिलांकडे मुंबईत होता, शाळेत न जाता. आमच्या शाळेत त्याच काळात जोडाक्षरं झाली. हजेरीपत्रकात ते कोरे रकाने होते. मीच भरलेलं हजेरीपत्रक.

सध्या परिपाठाआधी दहा मिनिटं आम्ही दोघं जोडाक्षरं करतो. "प्रत्येकी" झालं आहे. "शिल्लक" वर अजून क्षणभर थांबतो. किती थांबला ते मी गाडीच्याच वहीत लिहिते, पानं भरपूर राहिली आहेत.

जुनी गाडी बघायला जाणाऱ्या पालकांसाठी एक सांगायचं राहिलं. मालकाला आधीच निरोप द्या की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटला हात लावून बघा, गार आहे ना. चावी फिरवा पण इंजिन सुरू करू नका, झारीचा लाल दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा कुणीतरी काढलीय. मग सुरू करा, काही सेकंदांत विझला पाहिजे. त्यानंतर गाडी चांगली अर्धा तास, जमलं तर चढावर चालवून आणा आणि थांबल्यावर इंजिन चालू ठेवून परत एकदा दिव्याकडे बघा. मी गाडी घेतली तेव्हा गावातून एक चक्कर मारून आले होते आणि सीट कव्हरचा रंग बघितला होता.