बिडी, चहा आणि डेरिफायलिन

आमच्या अंजूरच्या म्हाताऱ्या बायका औषध मागायच्या ते रंगावरून. लाल गोळी, पांढरी गोळी, पिवळं पाणी. दम्याची डेरिफायलिन मात्र नावानं मागितली जाई. खाडीलगतचं भाताचं गाव. उन्हाळ्यात राब भाजला की शिवारभर धूर, पावसाळ्यात ओल्या लाकडांनी धुमसणाऱ्या चुली, तव्यावर भाजली जाणारी मशेरी. गावातले तरणे भिवंडीला लूमवर जात आणि केसांत कापूस घेऊन परत येत. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांना साथ देणाऱ्या गंगाजी नाइकांचं गाव म्हणून अंजूर इतिहासात आहे. माझ्या डोक्यात ते आधी धापेचं गाव आहे.

आजीनं आयुष्यात बिडी ओढली नाही, तरी पाऊस लागला की तिची छाती वाजू लागे. डॉक्टर येत, डेरिफायलिनच्या काचेच्या कुपीची मान मोडत आणि शिरेत सुई खुपसून औषध इतक्या सावकाश सोडत की मला त्यांचा राग यायचा. जीव घुसमटतोय आणि ह्यांना घाई नाही! घाईनं दिलं तर हृदयाचा ताल बिघडू शकतो, हे त्या वयात कोण सांगणार? हळूहळू घरघर उतरायची. मग रात्रभर आजी जागी. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, आणि पहाटेपर्यंत तिच्या माहेरच्या गोष्टी चालायच्या. बिडी न ओढणाऱ्यांचीही फुप्फुसं चुलीच्या धुरानं बिडी ओढणाऱ्यांसारखीच निकामी होतात, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये ठासून मांडलं. तोवर आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिच्या जागरणाचं कोडं फार्मसीच्या वर्गात सुटलं. सरांनी फळ्यावर झँथिनची दोन जोडलेली कडी काढली. त्यांना 1, 3 आणि 7 क्रमांकाच्या जागी मिथाइल गट लावले की कॅफीन. सातवा काढून घेतला की थिओफिलिन. पहिला काढून तिसरा-सातवा ठेवला की कोकोमधलं थिओब्रोमिन. म्हणजे चहा आणि दम्याचं औषध यांच्यात फरक एका मिथाइलचा. शरीरातलं अ‍ॅडेनोसिन मेंदूला झोपेकडे नेतं. ही मंडळी त्याचीच जागा अडवून बसतात, म्हणून झोप उडते. शिवाय फॉस्फोडायएस्टरेज नावाच्या विकराला थिओफिलिन रोखतं. त्यामुळे पेशींत सायक्लिक एएमपी साठतं आणि श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल पडतात. आजीचा श्वास आणि आजीची झोप, दोन्हींचा निकाल एकाच रेणूनं लावला होता.

हे थिओफिलिन 1888 साली आल्ब्रेख्त कोसेल यांनी चहाच्या पानांतून वेगळं केलं. आधी ते लघवी वाढवायला दिलं जाई. दम्यासाठी त्याचा उपयोग 1922 साली फ्रँकफुर्टच्या डॉ. हिर्श यांनी नोंदवला. त्याच्याही साठेक वर्षं आधी इंग्लंडचे डॉ. सॉल्टर, जे स्वतः दमेकरी होते, कडक कॉफीची शिफारस करत. अडचण होती ती पाण्याची. थिओफिलिन पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून 1908 साली इथिलिनडायअमीनशी जोडून अ‍ॅमिनोफिलिन केलं गेलं. आणखी एक वाट म्हणजे रेणूच्या सातव्या जागी हायड्रॉक्सीइथाइल गट लावून केलेलं इटोफिलिन. आमच्या गावाची डेरिफायलिनची गोळी म्हणजे 77 मिलिग्रॅम इटोफिलिन आणि 23 मिलिग्रॅम थिओफिलिन.

रसायन कळलं, औषध कळलं ते काकांमुळे. काका लूमवर होते. धूळ आणि बिडी, दोन्ही भरपूर. त्यांचा डेरिफायलिनचा डोस बऱ्याच दिवसांनी बसला होता. एका आषाढीला त्यांनी माळ घातली आणि बिडी सोडली. घरात आनंद. आठवड्याभरात काकांना उलट्या, धडधड, हाताला कंप. कोणी म्हणालं पित्त, कोणी म्हणालं बिडी सोडल्याचा त्रास. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि डेरिफायलिन निम्म्यावर आणली. काका दोन दिवसांत सावरले.

बिडीचा धूर यकृतातल्या एका विकराला कामाला जुंपतो आणि ते थिओफिलिनचा फडशा पाडतं. निरोगी माणसाच्या रक्तात हे औषध निम्मं व्हायला साधारण आठ तास लागतात, ओढणाऱ्याला चार-पाचच. धूर थांबला की विकर मंदावतं आणि कालचा बेताचा डोस आज जास्त होतो. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही. त्यामुळे तंबाखू मळून खाणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. या औषधाची वाट मुळातच अरुंद. एका मिलिलिटर रक्तात 10 ते 20 मायक्रोग्रॅम हा पूर्वीचा पल्ला. त्याखाली गुण कमी, त्यावर उलट्या आणि धडधड, आणखी वर गेलं तर झटके. तापासाठी दुसऱ्या डॉक्टरनं सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तरी पातळी चढते. रक्ताची तपासणी गावाला कुठली परवडायला? डॉक्टरांचे प्रश्नच तेव्हा तपासणीचं काम करत. ‘बिडी ओढता का?’ हा मला लहानपणी उपदेश वाटायचा. तो हिशेब होता.

आता अंजूरफाट्याजवळ माझं मेडिकल आहे. वीटभट्ट्यांच्या जागी गोदामं आली, धूर ट्रकचा झाला. पंपातून 100 मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल थेट छातीत जातं, तिथे मिलिग्रॅमच्या गोळीचा मान उतरणारच. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना पंपासोबत कमी डोसात थिओफिलिन देऊन ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. आजाराचे झटके काही कमी झाले नाहीत, असं 2018 साली जाहीर झालं. तरी ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी लोक गोळीच मागतात. पुतणीचं बाळ मात्र दिवस भरायच्या आधी आलं, श्वास घ्यायला विसरायचं, तेव्हा त्याला याच घराण्यातलं कॅफीन दिलं गेलं. मोठ्यांचं यकृत कॅफीनमधला थोडा भाग थिओफिलिन करतं. नवजाताचं यकृत थिओफिलिनचं कॅफीन करतं. औषध तेच, पण ते कोणाच्या अंगात शिरलं यावर पुढचं सगळं.

म्हणून मी गिऱ्हाइकाकडे चौकशा करतो आणि माझा पोऱ्या वैतागतो. परवा गोदामातला एक हमाल आला. ‘बिडी सोडली शेठ. आता गोळ्या जरा वाढवून द्या, छाती लवकर साफ होऊ दे.’

‘सोडलीस हे झकास केलंस,’ मी म्हटलं. ‘पण आता गोळी वाढवायची नाही, कमी करावी लागेल. आजच डॉक्टरांकडे जा आणि सांग, बिडी कधी सुटली ते.’

‘चांगलं वागलं की औषध कमी?’ त्यानं संशयानं विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं आणि त्याला चिठ्ठीवर तारीख लिहून दिली.