नरोटी

एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना आम्ही दरवर्षी एक वाक्य न चुकता उच्चारतो : मूळ प्रत जपल्याशिवाय संहितेला हात लावू नये. आम्ही म्हणजे दोघे. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे आणि एकाच छपराखाली राहणारे. दोघांचीही चाळिशी उलटली आहे आणि हे वाक्य दोघांच्याही टिपणवह्यांत अधोरेखित आहे. तेच वाक्य आमच्या सतरा वर्षांच्या मुलाने, तोंडातून अवाक्षर न काढता, आम्हांला पुन्हा शिकवले. त्याची ही हकिकत.

प्रसंग डिसेंबर २०२२चा. मुलाला चित्रकलेच्या वाटेने जायचे होते. अभिकल्पाच्या एका संस्थेत प्रवेशासाठी स्वतःच्या कामाचे नमुने पाठवायचे होते, आणि त्यांत दोन मिनिटांचे एक ॲनिमेशन असावे, असे त्याने ठरवले होते. घरचा संगणक त्या कामाला पुरा पडेना. आजोबांनी दिलेले पैसे त्याने जपून ठेवले होते. त्यांतून जुने ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असे ठरले. त्या हिवाळ्यात जुनी कार्डे स्वस्त झाली होती. कारण, १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाची व्यवस्था बदलली आणि ग्राफिक्स कार्डांच्या बळावर चालणारे त्याचे ‘खाणकाम’ एका दिवसात थांबले. रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डे बाजारात आली. त्यांतले एक, ‘आरएक्स ५७०’, आठ हजार रुपयांना आमच्या घरी आले. विक्रेत्याच्या यंत्रावर ते व्यवस्थित चालत होते. मुलाने तिथल्या पडद्याचा, त्यावर दिसणाऱ्या कार्डाच्या साऱ्या तपशिलांसह, मोबाइलवर फोटो काढून घेतला. आम्हांला तेव्हा ते पोरकट वाटले.

घरी मात्र कार्डाचा ड्रायव्हर चढेना. पडद्यावर चित्र दिसे, पण यंत्रणा कार्डाला ओळख देत नव्हती. ‘त्रुटी ४३’ एवढेच कोरडे उत्तर. दोन रात्री वाचन केल्यावर उलगडा झाला. कार्डाच्या आतला मजकूर कोणीतरी बदलला होता.

मजकूर हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर नखाएवढी एक चिप असते आणि तिच्यात काहीशे किलोबाइटांची एक संहिता लिहिलेली असते. तिला बायॉस म्हणतात. वीज मिळताच कार्ड सर्वप्रथम हीच संहिता वाचते : घड्याळाचा वेग किती ठेवायचा, व्होल्ट किती द्यायचे, किती वॅटपर्यंत जायचे, पंखा केव्हा जोरात फिरवायचा. स्मृतीच्या चिपांसाठी तिच्यात वेगळी कोष्टके असतात. एका आज्ञेनंतर दुसरी आज्ञा देण्यापूर्वी किती थांबायचे, हे ती सांगतात. प्रत्येक वेगाचे कोष्टक निराळे आणि सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन अशा प्रत्येक उत्पादकाच्या चिपांचेही निराळे. खाणकाम करणारे नेमका इथेच हात घालीत. कमी वेगासाठी ठरवलेली आखूड विश्रांती ते उचलून जास्त वेगाच्या कोष्टकात चिकटवीत. इथेरियमचे गणित स्मृतीच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे त्यांची कमाई वाढे. अधूनमधून एखादे उत्तर चुकले तरी त्यांचे फारसे बिघडत नसे. चुकलेले उत्तर नाकारले जाई, पुढचे बरोबर येई. चित्र रंगवणाऱ्याचे तसे नसते. तिथे चूक डोळ्यांना दिसते : भलत्याच रंगाचे चौकोन, तुटलेल्या रेषा, मध्येच गोठलेला पडदा.

ड्रायव्हर का चढत नव्हता, तेही कळले. उत्पादकाने संहितेवर अंकीय स्वाक्षरी केलेली असते आणि विंडोजवरचा ड्रायव्हर ती तपासतो. मजकूर बदलला की स्वाक्षरी जुळत नाही. विक्रेत्याने आपल्या यंत्रावर ही तपासणी चुकवण्याची युक्ती केलेली असणार. संहितेच्या अंगी याहून जुना, साधा असा आणखी एक पहारा असतो : सगळ्या बाइटांची बेरीज ठरावीक उत्तर देईल अशा बेताने एक बाइट भरलेला असतो. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ओव्यांची संख्या नोंदवीत, तशातलाच हा प्रकार. पण संख्या जुळली म्हणजे ओवी मूळचीच, असे होत नाही. बदल करणारी साधने ही बेरीज आपोआप जुळवून देतात. स्वाक्षरी मात्र त्यांना करता येत नाही.

उपाय सरळ होता. त्याच उत्पादकाच्या, त्याच कार्डाची मूळ संहिता मिळवायची आणि चिपेवर पुन्हा लिहायची. या लिहिण्याला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. टेकपॉवरअप या संस्थळाने अशा संहितांचा मोठा संग्रह ठेवला आहे; कोणत्या संहितेत कोणत्या स्मृतीची कोष्टके आहेत, याची नोंदही तिथे असते. इथवर आमचे पाऊल योग्य होते.

मग आम्हांला मोह झाला.

वाचता वाचता एक जुनी गोष्ट हाती लागली होती. डिसेंबर २०१०मध्ये एएमडीने ‘रेडिऑन एचडी ६९५०’ आणि ‘६९७०’ ही दोन कार्डे आणली. पहिल्याची किंमत २९९ डॉलर, दुसऱ्याची ३६९. दोहोंच्या पोटातली चिप एकच होती. मात्र स्वस्त कार्डात १५३६पैकी १४०८ गणनएककेच चालू ठेवलेली. असे करण्यामागे कारण असते. चिपा घडवताना काहींत दोष राहतात. तेवढा भाग बंद करून त्या स्वस्तात विकता येतात. पण स्वस्त कार्डांना मागणी वाढली की निर्दोष चिपांचेही भाग बंद केले जातात. तेव्हा हे कुलूप केवळ संहितेत होते. महिना संपण्याआधीच लोकांनी स्वस्त कार्डावर महागड्या कार्डाची संहिता लिहिली आणि पुष्कळांची बंद एकके खरोखर चालू झाली. सत्तर डॉलर वाचले. या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र आम्ही घाईने वाचला. महागड्या कार्डाची संहिता स्मृतीलाही महागड्या कार्डाच्याच वेगाने पळवू पाही आणि स्वस्त कार्डावरच्या स्मृतीच्या चिपा तेवढ्या वेगाच्या नव्हत्या. म्हणून जाणत्यांनी पुढे निराळा मार्ग काढला : स्वस्त कार्डाची स्वतःचीच संहिता घ्यायची, तिच्यातले कुलूप तेवढे काढायचे आणि बाकीच्या मजकुराला हात लावायचा नाही. शिवाय त्या कार्डावर दोन बायॉस होत्या, एक बारीक खटका होता. एक संहिता बिघडली तर खटका सरकवून दुसरीवर यंत्र सुरू करता येई. आमच्या कार्डावर असा खटका नव्हता.

पण मन एकदा मोहात पडले की असले तपशील तळटिपेसारखे वगळले जातात. दुरुस्ती करायचीच आहे, तर सोबत बढतीही का देऊ नये? ‘५७०’वर ‘५८०’ची संहिता लिहावी, असे आम्ही ठरवले. आमच्या पेशात हे अपरिचित नाही. सहायक प्राध्यापकाचा सहयोगी प्राध्यापक होतो. वर्ग तेच, फळा तोच, दारावरची पाटी बदलते. कार्डाचेही तसेच होणार होते. ‘५८०’ची २३०४ एकके आमच्या कार्डाच्या २०४८ एककांत अवतरणार नव्हती, २०१०सारखे ते कुलूप आता लेखणीने उघडत नाही. मिळणार होता तो वेग : मूळ आराखड्यानुसार १२४४ मेगाहर्ट्झच्या जागी १३४०. त्याबदल्यात कार्ड १५० वॅटऐवजी १८५ वॅट मागणार होते. हे वाढीव पस्तीस वॅट त्याच पंख्याने, त्याच वीजघटकांनी सोसायचे होते.

मुलाने एकदा विचारले, “बाबा, आत्ताची कॉपी काढून ठेवलीत का?”

“ती बिघडलेलीच आहे रे. ठेवून काय करायचं?” आम्हां दोघांपैकी एकाने उत्तर दिले. कोणी दिले, हे आजतागायत ठरलेले नाही.

लिहिणाऱ्या प्रणालीने हरकत घेतली : ही संहिता या कार्डाची दिसत नाही, ओळखक्रमांक जुळत नाही. आज्ञेला एक अक्षर जोडले की ती हरकत गुंडाळून ठेवते. ते अक्षर ‘एफ’, म्हणजे जबरदस्ती. आम्ही ते जोडले. मिनिटभरात लेखन पूर्ण झाल्याचा निरोप आला. संगणक पुन्हा सुरू केला. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला.

पुढचे दोन दिवस घरात फारसे कोणी बोलले नाही. मुलाने आदळआपट केली नाही. तो जुन्या, मंद यंत्रावर चित्राची एकेक चौकट करीत बसला. “राहू दे आई, होईल यावरच,” एवढेच तो म्हणाला. आजोबांचा विषय त्याने काढला नाही, आणि म्हणूनच तो आमच्या मनातून जाईना. नमुने पाठवायला अठरा दिवस उरले होते. वर्गात आम्ही आधी जाणत्यांचे ऐका असे सांगतो. घरात मात्र एक साधा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आम्ही हसून गप्प केले होते.

तिसऱ्या रात्री आम्ही तिघे एकत्र बसलो. पहिली गोष्ट मुलाने सांगितली : काळा पडदा म्हणजे मेलेले कार्ड नव्हे. प्रोसेसरच्या अंगचे माफक ग्राफिक्स असते. पडद्याची तार कार्डातून काढून मदरबोर्डला लावली की संगणक त्यावर चालतो. तसा तो चालला. लिहिणाऱ्या प्रणालीला विचारले, तेव्हा यादीत कार्डाचे नाव होते. कार्डाला चित्र दाखवता येत नव्हते, पण लिहून घेता येत होते. तेवढेही जमले नसते, तर चिमट्याने थेट चिपेला जोडायचे एक स्वस्त उपकरण मिळते; पण चिप १.८ व्होल्टची आहे की ३.३ व्होल्टची, हे न पाहता ते लावले तर उरलीसुरली आशाही जळते.

आता प्रश्न खऱ्या अर्थाने पाठचिकित्सेचा होता. कोणती संहिता लिहायची? कार्डाच्या पाठीवर एक चिकटपट्टी होती, तिच्यावर नमुनाक्रमांक. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते, लेखनिक कोण आणि शक कोणता ते सांगणारी; तशी ती वाटली. संग्रहात त्या क्रमांकाच्या कार्डाच्या तीन संहिता निघाल्या. त्यांतली आपली कोणती? तेव्हा मुलाने मोबाइलवरचा तो फोटो उघडला. विक्रेत्याच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होते : स्मृती मायक्रॉनची. आम्ही लिहिलेल्या ‘५८०’च्या संहितेत सॅमसंग आणि हायनिक्स या दोनच उत्पादकांची कोष्टके होती. आमच्या कार्डातल्या चिपांना समजेल असे त्या संहितेत काहीच नव्हते. वेगाच्या आकड्यांपुढे ही ओळ आम्ही वाचलीच नव्हती.

तिन्हींपैकी एकाच संहितेत मायक्रॉनची कोष्टके होती. लिहिण्यापूर्वी, चिपेत असलेली चुकीची संहिताही मुलाने उतरवून घेतली. एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या आहेत का ते ताडून पाहिले. मग तो म्हणाला, “आत्ता नको. नऊला लाइट जाते.” आमच्याकडे त्या दिवसांत भारनियमन होते. लेखन चालू असताना वीज गेली तर अर्धी संहिता जुनी, अर्धी नवी अशी अवस्था होते. इन्व्हर्टर होता, पण वीज जाताच तो क्षणभर दचकतो, आणि तेवढा क्षण पुरतो. रात्री साडेअकरानंतर आम्ही लिहिले. या वेळी प्रणालीने हरकत घेतली नाही. ‘एफ’ जोडावा लागला नाही. तार पुन्हा कार्डाला लावली. पडदा उजळला, ड्रायव्हर चढला.

तरीही मुलाने लगेच कामाला सुरुवात केली नाही. तीन तास कार्डावर पूर्ण भार टाकून तो तापमान आणि पडदा न्याहाळत बसला. चौकोन दिसले नाहीत. पुढे त्याने ड्रायव्हरमधूनच स्मृतीचा वेग थोडा वाढवून पाहिला. जमले नाही तेव्हा एका टिचकीने पूर्ववत केला. संहितेला न शिवता केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू केले की विसरता येतो, हा त्याचा मोठा गुण. बायॉसमधला बदल कार्ड विसरत नाही.

शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून अपपाठ दूर केले आणि पुढच्यांना बजावून ठेवले : या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. हे आम्ही किती वर्गांना सांगितले असेल! सांगताना आमच्या डोळ्यांपुढे नेहमी कोणी अडाणी, आगाऊ लेखनिक असे. नरोटी ठेवणारा वाईट हेतूनेच ठेवतो, असे आम्ही धरून चाललो होतो. खरे तर त्यालाही बहुधा ग्रंथाचे भलेच करायचे असेल. आणखी थोडा गोडवा, आणखी थोडा वेग. आम्हांलाही मुलाचे भलेच करायचे होते.

नमुने मुदतीच्या दोन दिवस आधी गेले. कार्ड आजही चालते, मूळच्याच वेगाने. आमच्या कपाटात, हस्तलिखितांच्या छायाप्रतींशेजारी, एक पेनड्राइव्ह ठेवलेला आहे. त्यावर मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे : ‘मूळ प्रत. विचारल्याशिवाय हात लावू नये.’ चिठ्ठी कोणासाठी आहे, हे आम्ही त्याला विचारलेले नाही.