बाहेरकाठा

धरमतरच्या खाडीला उधाण आलं की पाणी बांधाच्या माथ्याला टेकतं. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला पोटरीला आलेलं भात, आणि मध्ये माणसाने हाताने रचलेली चिकणमाती. पेण-अलिबागचा खारेपाट, म्हणजे खाडीकाठचा खारजमिनीचा पट्टा, पिढ्यान्‌पिढ्या या मातीच्या आडोशाने जगत आला. खाडीकडच्या या मोठ्या बांधाला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. खेकड्याने त्यात एक बीळ पाडलं तरी पुरतं. बिळातून पाणी झिरपतं, झिरपा वाढत जातो आणि एखाद्या रात्री खांड पडते. एकदा खाडीचं पाणी शेतात शिरलं की मीठ मुरतं, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीला भात धरत नाही. ज्याच्या शेताशी खांड पडली त्याचंच नुकसान होतं असं नाही. त्या बांधाआड ज्यांची ज्यांची शेतं आहेत, त्या सगळ्यांचं होतं.

म्हणून इथल्या माणसाला शेजार निवडायची सोय नव्हती. एका बांधाच्या आड ज्यांची शेतं, त्यांनी मिळून तो राखायचा, अशी जोळ पद्धत खारेपाटात चालत आली. कोणाच्या वाट्याला किती बांध, शेतातलं पाणी खाडीत सोडणाऱ्या उघाडीची दारं कोणी बघायची, माती कुठून काढायची, हे सगळं ठरलेलं असे. खांड पडली की हाक जाई आणि घरटी एक माणूस निघे.

खांड बांधायचं काम ओहोटीतच व्हायचं. पाणी उतरल्यापासून ते पुन्हा चढेपर्यंत हातात पाच-सहा तास. त्यात तिवराच्या फांद्या तोडायच्या, पेंढा आणायचा, चिखलाचे गोळे काढायचे. माणसं रांगेने उभी राहत आणि गोळा या हातातून त्या हातात जाई. कमरेएवढ्या रेंद्यात पाय रुतलेले, वरून पाऊस, आणि गोळा थांबता कामा नये. ज्या दोन भावांचं घराच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं, ते याच रांगेत एकमेकांच्या शेजारी उभे असत. आजा सांगायचा, "पानी कोनाची वाट नाय बगत." रांगेत उभं राहिल्याने भावांचा वाद मिटे असं मी म्हणत नाही. पण वाद असूनही एकत्र काम करता येतं, हे त्यांच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे. आज आपल्या मुलांना हे दिसतं कुठे, हा प्रश्न मला सारखा छळतो.

ते का दिसत नाही, हे कळायला जिते बघा. हे याच पेण तालुक्यातलं गाव. आपटा आणि हमरापूर यांच्यामधलं छोटंसं स्टेशन. आपट्यापर्यंत आलेली रेल्वे १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेली. मुंबई-गोवा महामार्ग तर दाराशीच. सकाळची दिवा गाडी गावातला तरणाताठा माणूस पनवेल, तळोजा, ठाणे असा दिवसभरासाठी घेऊन जाते आणि रात्री आणून सोडते. रोज चार-पाच तास प्रवास आणि आठ-दहा तास काम करून आलेल्या माणसाला उघाडीचं दार बघायला ये, म्हणून कोण सांगणार? त्याने गाव सोडलेलं नाही. तो गावातच झोपतो, मतदानही इथेच करतो. गावाला द्यायला त्याच्याकडे दिवसच उरलेला नाही. माणसं आळशी झाली, स्वार्थी झाली, हे निदान मला पटत नाही.

बांधांची राखणही आळसाने सुटली नाही. १९४८ चा खारजमीन कायदा आला, मग १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, आणि बाहेरकाठ्याची जबाबदारी हळूहळू शासनाकडे गेली. हे चुकीचं होतं असं कोण म्हणेल? छातीएवढ्या पाण्यात उभं राहून गरिबाने स्वतःच्या अंगमेहनतीवर समुद्र अडवायचा, हा काही न्याय नव्हे. पण बांधाबरोबर त्याभोवतीचं एकत्र येणंही गेलं. आता खांड पडली की फोटो निघतो, निवेदन जातं, पंचनामा होतो, निधीची वाट बघितली जाते. तोवर दर पंधरवड्याला उधाण येऊन जातं आणि खांड रुंदावत राहते. त्यात जमिनी विकल्या गेल्या. सातबाऱ्यावर अशी नावं आली की त्या माणसांना गावात कोणी पाहिलेलं नाही. शेत पिको न पिको, त्यांना जमिनीच्या भावाशी मतलब. मग शेजारच्या पिकत्या शेताची राखण कोण करणार?

तरीही जुन्या गावकीसाठी डोळ्यांत पाणी आणायला माझी तयारी नाही. ज्या गावकीने बांध राखले, तिनेच माणसं वाळीत टाकली. विहिरीवर येऊ द्यायचं नाही, दुकानात सामान द्यायचं नाही, लग्नाला आणि मर्तिकालाही कोणी जायचं नाही. घराच्या वादावरून, निवडणुकीवरून, जातीबाहेरच्या लग्नावरून. आमच्या रायगड जिल्ह्याचं नाव या कारणाने वर्तमानपत्रांत किती वेळा आलं, ते आठवलं की मान खाली जाते. शेवटी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. आणि डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतले कातकरी? चिखल काढायला ते होते. बैठकीत त्यांचा शब्द कोणी विचारला? बायकांनाही बैठकीत जागा नव्हती, लावणी मात्र त्यांच्याच कमरेवर होती.

एकोपा संपला म्हणावं तर हळदीच्या रात्री या. अख्खं गाव मांडवात असतं. गणपतीत मुंबईपर्यंतची माणसं परततात. शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. गावागावाचे संघ, रंगीत टी-शर्ट, मोबाईलवर थेट प्रक्षेपण, पहाटेपर्यंत दिवे. खेळपट्टी तयार करायला, रोलर ओढायला वीस पोरं न बोलावता येतात. मला त्या पोरांचा अभिमान वाटतो. हिशेब ठेवतात, वर्गणी काढतात, पाहुण्या संघाला जेवू घालतात. हीच पोरं ग्रामसभेला मात्र दिसत नाहीत, आणि याचं मला खरं दुःख आहे. आनंदासाठी एकत्र यायची सवय शाबूत आहे. ज्यात कंटाळा आहे, मतभेद आहे, कागद वाचावा लागतो आणि कोणाला तरी तोंडावर प्रश्न विचारावा लागतो, तिथे जायची सवय मोडली.

आणि ग्रामसभा ही केवढी मोठी गोष्ट! दिल्लीत किंवा मुंबईत आपल्या वतीने दुसरं कोणी बोलतं. ग्रामसभेत प्रत्येक मतदार स्वतःच सभासद असतो. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला घटनेत स्थान दिलं. गणपूर्तीची अट तरी किती साधी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर माणसं, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांत रस्ते, दिवे, घरकुलांच्या याद्या, ना-हरकत दाखले सगळं मंजूर होतं. कायद्याने त्यात काही गैर नाही. सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरवल्याचं मी अनेक गावांतून ऐकलं आहे. ज्या दाखल्याने गावाचा डोंगर खोदला जाणार, त्याच्या ठरावाखाली आपली सही आहे हे एखाद्याला डंपर सुरू झाल्यावर कळतं.

पण हा मुलूख असा कायमचा गप्प बसणाऱ्यातला नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसायचं नाकारलं. इतकी वर्षं घरात भात नाही, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण संप फुटला नाही. आणि आमच्या डोळ्यांदेखतची गोष्ट म्हणजे महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. पेण, पनवेल, उरणची हजारो एकर जमीन मागितली गेली तेव्हा गावं उठली, एन. डी. पाटलांसारखा म्हातारा माणूस त्यांच्यापुढे चालला. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यानेच सांगायचं! मतदानाला एरवी न दिसणाऱ्या म्हाताऱ्या नातवाच्या खांद्याला धरून आल्या. बहुतेकांनी नाही म्हटलं. सेझ इथे उभं राहिलं नाही.

त्या दिवसाचा विचार केला की मला दोन्ही वाटतं, उमेद आणि भीती. उमेद अशी की पाणी गळ्याशी आलं की ही माणसं अजून रांग धरतात. भीती अशी की आता पाणी तसं एकदम येत नाही. एक प्लॉट, एक दाखला, एक भराव, एक बंद उघाडी, असं ते झिरपत येतं. झिरप्याला हाक जात नाही. खांड पडल्याशिवाय न जमणाऱ्या गावाला झिरपा दिसायचा कसा? त्यासाठी बांधावरून रोज एक माणूस चालत जावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. १ मेची ग्रामसभा पावसाच्या महिनाभर आधी येते. त्या दिवशी नोकरदारांना सुट्टी असते, गाडीने गेलेली माणसंही घरी असतात. खारेपाटातल्या गावांनी त्या सभेत पहिला विषय बांधाचा घ्यावा. आदल्या रविवारी क्रिकेटच्या पोरांनी आणि वाडीतल्या माणसांनी मिळून बाहेरकाठा टोकापासून टोकापर्यंत पायी बघावा, बिळं मोजावीत, उघाड्यांची दारं हलवून पाहावीत. जे दिसलं ते सभेत बायकांसमोर, म्हाताऱ्यांसमोर वाचून दाखवावं. खारभूमी विभागाच्या अभियंत्याला बोलावून त्याच्यासमोर ठराव करावा, आणि मग रजिस्टर घरोघर न फिरवता तिथेच, सभेत, सह्या घ्याव्यात.