बाबांचा जबडा

चेहऱ्यावर कवटी रंगवायची तर आधी रंगाला हात लावायचा नाही. आधी चेहरा चाचपायचा. भुवईखाली बोट ठेवून डोळ्याभोवती फिरवा. एक गोल कडा लागेल, ती खोबणीची. आपल्याला वाटतं त्यापेक्षा खोबण बरीच मोठी असते. गालाचं हाड कमानीसारखं कानाकडे जातं आणि त्याच्या वर, कानशिलाशी, एक खोलगट जागा सापडते. नाकाचं हाड मात्र अर्ध्यावरच संपतं. पुढे नुसती कूर्चा. म्हणून कवटीला नाक नसतं, उलट्या बदामासारखं एक भोक असतं.

शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तांब्या काढताना त्याची मागची, न दिसणारी कडसुद्धा आधी हलक्या हाताने काढून घ्यायची असते, तरच पुढची नीट बसते. चेहऱ्याचंही तेच.

मी मेकअपवाली नाही, पेन्सिलवाली आहे. त्यामुळे सगळा चेहरा पांढराफटक करणं मला जमत नाही. हाडाचा रंग पांढरा नसतोच, तो जुन्या कागदासारखा पिवळट असतो. त्यावर मी बारीक ब्रशने रेघा ओढते. रेघ आकाराच्या अंगाने वळली पाहिजे: कपाळावर कमानदार, गालाखाली तिरपी. खोली हवी तिथे रेघांवर आडव्या रेघा. खोबणीच्या कडेला ठिपके, आत जाताना दाट होत गेलेले. उजेड हवा तिथे ओल्या कापसाच्या काडीने रंग उचलायचा, खोडरबराने उचलतो तसा.

पण कागद हलत नाही, चेहरा हलतो. कागदावर उजेड कुठून येतो ते एकदाच ठरवायचं असतं. इथे मान वळवली की ट्यूबलाइट रंगवलेल्या सावलीला खोटं पाडते. म्हणून जिथे हाड खरोखरच आत जातं, तिथेच मी काळं करते. आणि दात. ते ओठांवरून काढायचे, मुळं वर हिरडीपर्यंत. बोललं की ताणले जातात. कानातली इवलीशी हाडं सोडली तर कवटीत २२ हाडं असतात आणि त्यांतलं एकच हलतं, खालचा जबडा.

रेघांनी कवटी जिवंत करणारा माणूस म्हणजे मेक्सिकोचा होसे ग्वादालुपे पोसादा. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या छापील पत्रकांसाठी तो चित्रं कोरायचा. त्याने जस्ताच्या पत्र्यावर एका कवटीला भलीमोठी, फुलापिसांची फॅशनेबल टोपी चढवली. आपलं मूळ लपवून युरोपी मडमेचा आव आणणाऱ्यांची ती टिंगल होती. १९१३ साली तो गरिबीतच गेला. पुढे दिएगो रिवेराने १९४७ च्या भित्तिचित्रात त्या कवटीला अंगभर पोशाख दिला आणि शेजारी, तिच्या हातात हात घातलेला, पोसादा उभा केला. आज मृतांच्या दिवशी, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरच्या सुमारास, तिथे कितीतरी बायका हीच कात्रिना चेहऱ्यावर रंगवतात. घरोघरी गेलेल्यांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात आणि भोवती झेंडू. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा त्यांच्याच देशातला.

मी कात्रिना रंगवत नाही. टोपी नाही, फुलं नाहीत. तो सण त्यांचा आहे. मी फक्त हाडं काढते.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते तेव्हा आईने मला तशी पाहिलं. म्हणाली, "वर्षसुद्धा झालं नाही गं अजून. तुला हेच सुचलं?" तिचा राग खरा होता. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं हाड कुणी बघत बसत नाही. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडायला माझा भाऊ आणि काका गेले होते. आले ते फडक्याने तोंड बांधलेला कलश घेऊन. नाशिकला गोदावरीत तो रिकामा झाला, तेव्हा मी मागे उभी होते. ज्या माणसाचं मी शंभरदा स्केच केलं, त्याच्या आत काय होतं हे मला कुणी दाखवलं नाही, आणि मागायचं कसं हेही सुचलं नाही.

हे मी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हनुवटीपाशी रुंद काढलंयस."

"काढलं नाही गं. आहेच तसं. चाचपून बघ."

तिने बघितलं. कानाखालून हनुवटीपर्यंत, सावकाश, रंगाची पर्वा न करता. जबडा बाबांचा आहे, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं. तिची बोटं काळी झाली. तिने ती पदराला पुसली नाहीत, तशीच उठून चहा टाकायला गेली.

तिला अजूनही हे आवडत नाही. पण आता मी रंगवायला बसले की ती उठून दुसऱ्या खोलीत जात नाही.