पोलादी बुलबार

ऑस्ट्रेलियाच्या नलारबॉर मैदानातला सांजवेळचा प्रवास मनातून जात नाही. अंधारताना कांगारू रस्त्यावर येतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर एखादा आदळला की रेडिएटर फुटतो, आणि पुढचा पेट्रोलपंप शंभर-दीडशे किलोमीटर दूर असू शकतो. म्हणून तिथे गाडीपुढे चासीलाच बोल्टने आवळलेला पोलादी आडबार, म्हणजे बुलबार, लावतात; १९७५ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेली एआरबी ही कंपनी याच कामावर मोठी झाली. बुलबारवर विंच बसते, रुतलेली गाडी ओढून काढते. वजनाने पुढच्या स्प्रिंगा दबतात, त्या बदलाव्या लागतात. ते मला मान्य आहे.

पुण्या-मुंबईच्या गर्दीत मात्र हेच पोलाद पादचाऱ्याच्या जिवावर उठतं. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने त्याविरुद्ध कारवाईचे आदेश दिले, ते योग्यच. तुमच्या शहरातल्या गाडीवर असेल, तर काढून टाका.