बोरगावचे एक अंगण

निपाणीच्या माळरानावरून उतरून इचलकरंजीच्या रोखाने निघाले म्हणजे दूधगंगेच्या काठच्या ज्या गावांची रांग लागते, त्यांत आमचे बोरगाव आहे. पूर्वी हे गाव चिकोडी तालुक्यात होते, आता निपाणी तालुक्यात आहे. पूर्वी येथे ग्रामपंचायत होती, आता पट्टण पंचायत आहे. एके काळी शिवारात तंबाखूची हुकमत होती. आज बहुतेक जमीन उसाखाली आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग हाकेच्या अंतरावर असल्याने घरटी एखादा तरुण रोज राज्याची सीमा ओलांडून कामाला जातो व रात्री परततो. घरी मराठी, बाजारात मराठी आणि कन्नड, कचेरीत कन्नड, असा येथील भाषेचा दिनक्रम आहे. आम्ही ज्यास अंगण म्हणतो त्यास कन्नड शेजारी 'अंगळ' म्हणतो. आमचा 'कट्टा' तर कन्नडमधील 'कट्टे'चाच भाऊबंद आहे. घराबाहेरच्या त्या दहा-बारा फूट जागेविषयी दोन्ही भाषांना सारखीच माया आहे.

या अंगणाविषयीच आज थोडे लिहावयाचे आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, तंजावर अशा दूरच्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरास अजूनही थोडी मोकळी जागा असेल. त्या जागेवर एकदा सिमेंट ओतून मोकळे व्हावे, असा विचार बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येतोच. तो अमलात आणण्यापूर्वी बोरगावातील एका अंगणाची हकीकत त्यांनी ऐकावी, एवढीच विनंती.

आमच्याकडे अंगण जुन्या काळी मातीचेच असे. माळावरचा मुरूम आणून पसरावयाचा, पाणी मारावयाचे, चोपण्याने चोपून घट्ट करावयाचे आणि वर शेणाचे सारवण घालावयाचे. तंबाखूचे व ज्वारीचे खळे याच रीतीने सिद्ध होई. स्वच्छ सारवलेल्या अंगणाची शोभा काही और, हे खरेच. परंतु त्या शोभेचा भार घरातील बायकांच्या कमरेवर होता, हेही तितकेच खरे. पावसाळ्याचे चार महिने तर सारवण टिकतच नसे. तेव्हा घरधन्याच्या हाती चार पैसे येताच सिमेंटचे पोते घरी आले, याचे नवल वाटावयास नको. सुनेची सारवणातून सुटका झाली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मात्र बोरगावच्या भूमीचा स्वभाव सिमेंटास मानवत नाही. गावाच्या जमिनीचे 'पांढरी' आणि 'काळी' असे दोन भाग आपले पूर्वज करीत आले. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेताची. वस्ती वाढली तशी घरे पांढरीतून काळीत उतरली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेला सिमेंटचा पातळ थर या उघडझाकीने दोन-चार वर्षांत तडकतो. तडकलेला थर उचलता येत नाही आणि सांधताही येत नाही. तो फोडून पुन्हा ओतावा लागतो. शिवाय पावसाचे पाणी त्यात मुरत नाही. १२० चौरस फुटांच्या अंगणावर एक इंच पाऊस पडला तर १० घनफूट, म्हणजे सुमारे २८० लिटर पाणी जमते. ते कोठेतरी जाणारच. उतार चुकला असेल तर ते घराच्या भिंतीकडे येते. आणि भिंत मातीची असेल तर पुढे काय होते, हे ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मातीची भिंत वरून पडलेला पाऊस सोसते, पण पायथ्याशी साचलेले पाणी तिला सोसवत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकास, जेथे पांढरी संपून काळी सुरू होते तेथे, एक जुने घर आहे. दीड फूट उंचीचे दगडी जोते, त्यावर मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले. घर आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामध्ये १० फूट रुंद व १२ फूट लांब अशी मोकळी पट्टी. मृग लागला की तेथे घोट्याएवढा चिखल होई. घरातील आजींचे वय ऐंशीच्या घरात. न्हाणीघर या पट्टीच्या पलीकडे असल्याने पावसाळाभर कोणी हात धरल्यावाचून त्यांना तेथवर जाता येत नसे. मुलगा यंत्रमागावर, सून उसाच्या भांगलणीला. दिवसभर घरात एकट्या असलेल्या वृद्धेने ओल्या चिखलात पाऊल टाकावे की टाकू नये, हा त्या घरापुढील रोजचा प्रश्न होता. त्यातच दोन्ही भिंतींच्या बुडाशी ओल चढू लागली, आणि पाणी कोणाचे कोणाकडे जाते यावरून दोन घरांत बोलाचाली होऊ लागली.

सिमेंटच्या अंगणाचा खर्च ऐकून मुलगा गप्प झाला. आजींचा आक्षेप मात्र निराळाच होता. त्या मला म्हणाल्या, "गुरुजी, सिमिटाचं अंगण म्हंजे तवाच की वो! दुपारी पाय ठेववत न्हाई, रातभर आग निघतीया. आन्‌ तुळस कुठं लावायची?" हा आक्षेप अडाणीपणाचा मुळीच नव्हता. अखंड सिमेंट दिवसभर ऊन साठविते आणि रात्री ते सोडीत बसते. शिवाय खालच्या मातीतील ओलाव्याचा जो गारवा, त्यासही ते वर येऊ देत नाही.

शेवटी मार्ग सुचविला तो गावातील एका वयस्क गवंड्याने. गावात जुनी घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. त्यांतून निघालेल्या शहाबादी फरशा कोणाला नको असल्यामुळे भिंतीकडेला पडून असतात. त्या स्वस्तात घ्याव्या आणि सिमेंटावाचून नुसत्या वाळूवर बसवाव्या, असे त्याचे म्हणणे. शहाबादी फरशी म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद परिसरातील चुनखडीचा दगड. खाणीतच त्याचे थरावर थर असतात. त्यामुळे फार घडाई न करता सपाट फरशा सुटतात. स्वस्त असूनही दोन-तीन पिढ्या टिकणारा हा दगड दक्षिण महाराष्ट्रातील व उत्तर कर्नाटकातील कितीतरी घरांत, देवळांत आणि शाळांत पायाखाली आहे.

काम पुढीलप्रमाणे झाले. प्रथम शेजाऱ्यास बोलावून त्याच्या समक्ष उतार ठरविला. उतार एका घराकडे दिला तर दुसऱ्याचे भांडण मिटते आणि पहिल्याचे सुरू होते. म्हणून दोन्ही भिंतींकडून मध्यभागी एकेक इंच उतार दिला आणि मधून परसाच्या दिशेने अर्धा फूट रुंदीची उथळ पन्हळ काढली. पन्हळीस १२ फुटांत ३ इंचांचा उतार ठेविला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळविण्याची गवंड्यांची रीत प्रसिद्धच आहे. तिच्यापुढे महागडी यंत्रे हवीत असे नाही. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे गवंड्याने दोरीने पाहिले: एका बाजूस ३ फूट, दुसरीस ४ फूट, आणि त्या दोन खुणांमधील अंतर ५ फूट भरले म्हणजे काटकोन साधला. पायथागोरसाच्या नावाने आम्ही जो सिद्धांत फळ्यावर शिकवितो आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या रचनेसाठी जो सांगितला आहे, तोच हा. सुट्टीच्या दिवशी शाळेतील चार मुले तेथे उभी होती. फळ्यावरील आकृती त्यांनी त्या दिवशी जमिनीवर दोरीने आखलेली पाहिली.

नंतर ६ इंच खोल खोदून काळी माती काढून टाकली. ती परसातील वाफ्यांस उपयोगी पडली. खड्ड्यात ४ इंच मुरूम दोन थरांत घातला. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसाने ठोकला. ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून ४० घनफुटांच्या जागी ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास आणविला. फुटक्या कौलांचे व विटांचे तुकडे त्यातच तळाशी गेले. त्यावर दीड इंच बारीक कच पसरून फळीने सारखी केली. नदीची वाळू दुर्मिळ झाली आहे, आणि ती उपसल्याने नदीचे जे होते तेही आपण पाहतोच. खडीच्या यंत्रावरील कच या कामास पुरेशी असते. तिच्यावर सव्वा इंच जाडीच्या फरशा एकेक करून ठेविल्या. दोन फूट चौरस फरशीचे वजन ३० किलोच्या आसपास भरते, तेव्हा ती दोघांनी उचलावी, हे बरे. प्रत्येक फरशी लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून बसविली. डुगडुगली तर उचलून खाली मूठभर कच घातली. दोन फरशांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती कचेने भरली. टोकाच्या फरशा सरकू नयेत म्हणून मोकळ्या काठांना उभ्या विटा पुरल्या. पन्हळीत आडव्या विटा बसविल्या. तुळशीसाठी दोन फूट चौरस जागा मोकळी सोडली.

पन्हळीचे पाणी परसात भिंतींपासून दूर खोदलेल्या ३ फूट लांब, रुंद व खोल अशा शोषखड्ड्यात सोडले. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खड्डा नेला आणि दगडगोट्यांनी भरला. अंगणाची पातळी जुन्या जमिनीपेक्षा पाऊण इंच वर आली. जोते तिच्याहून सव्वा फुटापेक्षा अधिक उंच राहिले. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. थरावर थर चढवून अंगण जोत्याच्या बरोबरीस आणणे म्हणजे पावसाला घरात येण्याचे आमंत्रण देणे होय.

गवंड्यास दोन दिवसांची मजुरी दिली. खोदकाम व ठोकाठोकी घरच्यांनी केली. फरशांच्या किमतीपेक्षा त्या टेम्पोने आणण्याचा खर्चच मोठा वाटला. यावरून एक धडा घेण्याजोगा आहे. केरळात स्वस्त घरे बांधून कीर्ती मिळविलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) हे महात्माजींचा एक विचार नेहमी सांगत असत, की घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचे असावे. अंगणासही हा नियम लागू आहे. माळव्यातील वाचकास कोट्याचा दगड जवळ, हैदराबादकरांस तांदूरची फरशी जवळ. गुजरातेत उत्तम भाजलेली वीट उभी मांडूनही सुरेख अंगण होते. बोरगावची फरशी तेथे नेण्याचे कारण नाही. न्यावयाची ती रीत.

या रीतीतही कष्ट आहेतच. फटींत गवत उगवते, ते उपटावे लागते. पावसाळ्यात सावलीकडे शेवाळ धरते, ते नारळाच्या शेंडीने घासावे लागते; वृद्धांच्या घरी तर यात हयगय करून चालणार नाही. दरवर्षी पावसानंतर फटींत थोडी कच भरावी लागते. जड गाडी उभी करावयाची असेल तर हे अंगण उपयोगाचे नाही. परंतु एखादी फरशी खचली तर तेवढीच उचलून पुन्हा बसविता येते. पुराचे पाणी आले आणि कच वाहून गेली, तरी फरशा जागच्या जागी सापडतात. गाळ धुऊन त्याच पुन्हा मांडाव्या. ज्या गावाने महापूर पाहिला आहे त्या गावास या सोयीचे मोल सांगावे लागत नाही.

पहिल्याच पावसात भिंतीच्या बुडाशी पाणी साचले नाही. शेजाऱ्याने आपल्या बाजूची ओल वाळत आल्याचे स्वतः होऊन सांगितले आणि त्याच्या घरचे पापड पुढच्या उन्हाळ्यात याच अंगणात वाळत पडले. आजी काठी टेकीत एकट्या न्हाणीघरापर्यंत जातात. सून रोज सडा घालून तुळशीपुढे रांगोळी काढते. सारवणाचे काम मात्र तिच्यामागून सुटले ते सुटलेच.

आपल्यापैकी कोणी जुन्या घराची डागडुजी काढणार असेल, तर पावसाळ्यातील एक दिवस त्यासाठी आधी राखून ठेवावा. भर पावसात छत्री घेऊन अंगणात उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोणाच्या भिंतीला लागते, हे शांतपणे पाहावे. मग शेजाऱ्यास चहाला बोलवावे. गवंड्यास बोलाविण्याची वेळ त्यानंतरची.